अनुभव धागा: अपग्रेड झालं, जुनी स्क्रिप्ट चालली का?

युनिक्सवाले (सर्व्हरवरची ऑपरेटिंग सिस्टम; लिनक्स त्याच घराण्यातलं) जुनं सहसा मोडत नाहीत, तरी कधीतरी मोडतंच. मराठवाड्यात सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी लिहावं: काय अडलं, आणि कोणती सेटिंग कुठं ठेवून चालू केलंत? सुरुवात मी करतो.

परभणीकडच्या एका जिनिंगमध्ये रात्रीची स्क्रिप्ट आहे, क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारा प्रोग्रॅम) चालवतो ती; ईग्रेप (मजकूर शोधणाऱ्या ग्रेपचं जुनं रूप) वापरणारी. ग्रेप ३.८ (सप्टेंबर २०२२) पासून ईग्रेप चालतं, पण दरवेळी इशारा देतं. इशारा निकालात मिसळत नाही, एररच्या वेगळ्या वाटेनं जातो, म्हणून निकाल बिघडला नाही. क्रॉन मात्र तो रोज मेल करू लागला. खऱ्या बिघाडाचा मेल त्यात दडपला असता. ‘ग्रेप -ई’ (कॅपिटल ई) लिहून सुटलं. पण ही युनिक्सच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीपासूनची कमांड. तिला गप्प चालू द्यायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

लातूर, आडत बाजार
सोयाबीन-तुरीचे भाव तालुक्यानुसार लावणारी स्क्रिप्ट जुन्या युनिक्सवरची, त्यात ‘सॉर्ट +१ -२’, म्हणजे दुसऱ्या रकान्यानं क्रम लाव. लिनक्सवर आणली तर सॉर्ट म्हणायलं, ‘+१’ नावाची फाइल नाही! पॉझिक्सच्या (युनिक्स कमांडांनी कसं वागायचं ते ठरवणारं मानक) २००१ च्या आवृत्तीनं ती रीत काढली होती आणि त्या वेळचं जीएनयू सॉर्ट (लिनक्सवरचं सॉर्ट) ते पाळत होतं. उपाय मॅन्युअलातच होता: ‘_पॉझिक्स२_व्हर्जन’ या व्हेरिएबलला १९९२०९ द्यायचं, कमांड जुन्या मानकाप्रमाणं वागते. सौदे सुरू व्हायच्या आत यादी निघाली.

पुढं निवांतपणे सगळं ‘-के’ मध्ये, म्हणजे रकाना सांगायच्या नव्या रीतीत, आणलं. इथं जपा. जुन्या रीतीत रकाने शून्यापासून मोजतात, नव्यात एकपासून; म्हणून ‘+१ -२’ चं ‘-के २,२’ होतं. ‘-के १,१’ लिहिलं तर एरर येत नाही, यादी गुपचूप चुकीची लागते. २००८ च्या मानकानुसार चालणारं जीएनयू सॉर्ट जुनी रीत परत स्वीकारतं, तरी मी मागं गेलो नाही.

बीड
उबुंटू या लिनक्सच्या ६.१० (२००६) मध्ये एसएच, म्हणजे स्क्रिप्टा चालवणारा शेल, बॅशऐवजी डॅश झालं. आमच्या स्क्रिप्टांत दुहेरी चौकटी कंस होते, ते बॅशला कळतात, डॅशला नाही. पहिल्या ओळीत बॅश लिहिलं, चालू.

नांदेड, कॉलेजची लॅब
कोअरयुटिल्स (लिनक्सच्या मूळ कमांडांचा संच) ८.२५ (२०१६) पासून एलएस (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) स्पेस असलेली नावं अवतरणात दाखवतं. पोरांना वाटलं, फाइलींची नावंच बदलली. हे फक्त स्क्रीनवर होतं; पाइपमधून, म्हणजे एका कमांडचा निकाल दुसरीला देताना, नावं जशीच्या तशी जातात, त्यामुळं स्क्रिप्टा सुखरूप. ‘क्वोटिंग_स्टाइल’ या व्हेरिएबलला ‘लिटरल’ दिलं की जुनं रूप मिळतं. मी दिलं नाही. स्पेसवालं नाव कमांडमध्ये कसं लिहायचं, हे पोरांना समोरच दिसतं.

जालना, लोखंड कारखाना
ओपनएसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायचा प्रोग्रॅम) ८.८ (२०२१) नं ओळख पटवायच्या, एसएचए-१ या जुन्या, कमकुवत पद्धतीवरच्या आरएसए सह्या बंद केल्या. बरोबरच केलं. पण आमचा जुना नेटवर्क स्विच तेवढंच जाणतो, लॉगिनच होईना. कॉन्फिगमध्ये फक्त त्या एका होस्टखाली ‘+एसएसएच-आरएसए’ची परवानगी लिहिली. काहींनी ‘होस्ट *’ (म्हणजे सगळे होस्ट) खाली लिहायला सांगितलं, ते साफ नाकारलं. एका स्विचपायी सगळ्या सर्व्हरांचं दार का उघडायचं?

लातूरच्या दादांना विचारायचंय: ते व्हेरिएबल लॉगिनच्या प्रोफाइलमध्ये ठेवलं होतं का?

लातूर, आडत बाजार
नाही भाऊ. स्क्रिप्टीतच, सॉर्टच्या त्याच ओळीत, कमांडच्या आधी. प्रोफाइलमध्ये ठेवलं असतं तर क्रॉनला ते मिळालंच नसतं, आणि त्या लॉगिनवरच्या बाकीच्या कमांडाही जुन्या मानकावर गेल्या असत्या.