इनपुट कॅप्चर आणि ओव्हरफ्लो एकदम आले तर काऊंट कसा धरायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, एटीमेगा३२८पी मायक्रोकंट्रोलरवर टायमर१ वापरून एका सेन्सरच्या पल्सचा पिरियड मोजतोय. क्लॉक १६ मेगाहर्ट्झ, प्रीस्केलर (क्लॉकला भागणारा आकडा) ८, म्हणजे एक टिक अर्धा मायक्रोसेकंद आणि १६ बिटचा काऊंटर ३२.७६८ मिलिसेकंदात भरून परत शून्यावर येतो (हाच ओव्हरफ्लो). पल्स त्याहून हळू येतात म्हणून ओव्हरफ्लो इंटरप्टमध्ये (ओव्हरफ्लो झाला की आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये) एक व्हेरिएबल वाढवतो आणि कॅप्चर इंटरप्टमध्ये (पल्स आली की चालणाऱ्या) तो वरचे १६ बिट म्हणून आयसीआर१ ला, म्हणजे पल्सच्या क्षणीचा काऊंट धरून ठेवणाऱ्या रजिस्टरला, जोडतो.

बहुतेक वेळ रीडिंग अगदी स्थिर ५० मिलिसेकंद येतं, पण मधूनच एखादं १७.२ येतं आणि लगेच पुढचं ८२.८, म्हणजे बरोबर एका ओव्हरफ्लोचा फरक, त्यामुळे नॉइज नाही हे नक्की. माझ्या मते दोन्ही इंटरप्ट एकदम पेंडिंग असले की कॅप्चरची प्रायॉरिटी वरची असल्याने तो आधी चालतो आणि ओव्हरफ्लो मोजायचाच राहतो.

आता विचार असा आहे की कॅप्चरमध्येच टीओव्ही१ फ्लॅग (ओव्हरफ्लो झाल्याची खूण) बघायचा आणि तो सेट असून आयसीआर१ ३२७६८ (काऊंटरच्या निम्म्या) पेक्षा कमी असेल तर त्या रीडिंगपुरता एक मिळवायचा, फ्लॅग मात्र क्लिअर करायचा नाही, नाहीतर ओव्हरफ्लोचा इंटरप्ट चालणारच नाही ना?

दुसरा एखादा इंटरप्ट लांबला तर ही अर्ध्याची अट कुठे फसू शकते का? कोणी हे प्रत्यक्ष वापरलं असेल तर प्लीज सांगा, मोजमाप एकही टिक न चुकता हवंय.