पंप-डाउननंतर गेज पुन्हा चढतो, अमोनिया लाइनचा स्ट्रेनर उघडावा का?

लिक्विड_लाइन
कोल्ड रूममधल्या एअर कूलरचा स्ट्रेनर (लाइनमधली गाळणी) साफ करायचा आहे. लाइनचा क्रम: स्टॉप व्हॉल्व्ह, स्ट्रेनर, सोलेनॉइड (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह), हँड एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (द्रवाचा दाब उतरवणारा), मग कॉइल. खोली -10 अंशांवर. स्टॉप व्हॉल्व्ह बंद करून, पंखे चालू ठेवून पंप-डाउन केलं, म्हणजे आतला अमोनिया कॉम्प्रेसरने ओढून काढला. गेज शून्यावर आला. सक्शन (कॉम्प्रेसरकडे जाणारी लाइन) बंद केल्यावर मात्र पाऊण तासात 1.9 बारवर चढून थांबतो. दुसऱ्यांदाही अगदी तेच. शिफ्टमध्ये मत पडलं की एवढं चालतं, बोल्ट ढिले करून हळूहळू सोडून द्या. मला पटत नाही.

गेजकडे_बघा
पटायलाही नको. -10 अंशांना अमोनियाचा संपृक्त दाब (द्रव आणि वायू एकत्र असतानाचा) गेजवर साधारण 1.9 बारच असतो. म्हणजे आत नुसता वायू नाही, द्रव आहे. 1 लिटर द्रवाचा साधारण 850 लिटर वायू होतो आणि तेवढा वायू सुमारे 2,800 घनमीटर हवेत 300 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 300 भाग) करायला पुरतो. जिवाला तात्काळ धोका मानतात ती हीच पातळी.

पंप-डाउन करताना सोलेनॉइड खालच्या स्टेमने हाताने उघडला होता का? नसेल तर स्टॉप व्हॉल्व्ह आणि सोलेनॉइडमधला द्रव जागचा हललाच नाही, आणि स्ट्रेनर नेमका तिथेच आहे. कॉइलचा गेज शून्य दाखवत असताना तो तुकडा द्रवाने गच्च भरलेला असू शकतो. असा कोंडलेला द्रव थोडा जरी तापला तरी प्रसरणाला जागा नसल्याने दाब बेसुमार वाढतो. गॅस्केट किंवा व्हॉल्व्हची बॉडी फुटते.

सोलेनॉइड आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह दोन्ही उघडे ठेवून पुन्हा पंप-डाउन करा. द्रव उकळायला उष्णता लागते, म्हणून पंखे चालूच ठेवा. पाइपवर ज्योत लावू नका.

डबल_ब्लॉक
वरचं बरोबर, पण एक भर. दोन्ही वेळा तेवढ्याच वेळात तेवढाच दाब आला, इथे मला स्टॉप व्हॉल्व्ह पास होत असल्याचा, म्हणजे बंद असूनही आतून गळत असल्याचा, संशय येतो. उरलेला द्रव असता तर दुसऱ्या खेपेला चढ मंद झाला असता. "व्हॉल्व्ह पास होत असता तर दाब 1.9 च्या वर गेला असता" हा तर्क थंड कॉइलला लागू नाही: आत येणारा द्रव -10 च्या कॉइलमध्ये साठत राहतो, आणि कॉइल भरेपर्यंत गेज तिथेच बसतो. म्हणून सक्शन बंद ठेवून रात्रभर सोडू नका. हॉट गॅसचा (कॉइलवरचा बर्फ वितळवणाऱ्या गरम वायूचा) व्हॉल्व्हही तपासा, तोही पास होऊ शकतो.

पास होत असेल तर एक व्हॉल्व्ह मागे जा. दोन स्टॉप व्हॉल्व्ह बंद, मधला तुकडा रिकामा, त्यावर ब्लीड (उरलेला दाब सोडायची वाट). सोलेनॉइड किंवा चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारा) आयसोलेशन म्हणून, म्हणजे लाइन तोडणारा म्हणून, धरायचा नाही. प्रत्येक हँडलला कुलूप आणि टॅग.

लिक्विड_लाइन
सोलेनॉइड उघडला नव्हता. मागे आणखी एक स्टॉप व्हॉल्व्ह आहे, तो वापरतो. शेवटचा उरलेला वायू पाण्यात सोडायचा तर किती पाणी?

गेजकडे_बघा
1 किलो अमोनियाला किमान 10 लिटर, आणि हातचं जास्तच ठेवा, कारण पाणी तापतं. होजचं टोक पाण्याखाली. अमोनिया पाण्यात इतक्या वेगाने विरघळतो की होजमध्ये व्हॅक्यूम होऊन पाणी उलटं लाइनमध्ये खेचलं जातं. म्हणून होजवर चेक व्हॉल्व्ह लावा आणि माणूस तिथून हलू देऊ नका. बुडबुडे थांबले की आधी व्हॉल्व्ह बंद, मग होज बाहेर. ते पाणी गटारात सोडायचं नाही. फिटिंग स्टीलची घ्या, पितळ अमोनियाला टिकत नाही.

डबल_ब्लॉक
गेज अर्धा तास शून्यावर स्थिर राहिला तरी स्ट्रेनर रिकामा समजू नका. तळाशी तेल असतं, त्यात अमोनिया विरघळलेला असतो, आणि थंड घट्ट तेलाने गेजची नळीच बुजलेली असू शकते. बोल्ट सगळे एकदम काढू नका. आपल्यापासून लांबचे आधी ढिले करा, काढू नका. मग पाचर घालून जोड किंचित उघडा. फुसफुस थांबली नाही तर परत आवळा.

फुल-फेस मास्कला अमोनियाचा के प्रकारचा हिरवा फिल्टर, पण तो 300 पीपीएमच्या आतच. त्यापुढे सिलिंडरचा श्वसनसंच. दुसरा माणूस दाराशी, शॉवर आणि आयवॉश पाणी सोडून तपासलेले. डोळ्यात गेलं तर किमान 15 मिनिटं धुवायचं, मग दवाखाना.

बंद करताना गॅस्केट नवीन. दाबचाचणी नायट्रोजनने करा, ऑक्सिजनने कधीच नाही. मग व्हॅक्यूम, आणि लिक्विड व्हॉल्व्ह पाव फेरा उघडून सल्फर स्टिक (पेटवलेली गंधकाची कांडी) जोडाभोवती फिरवा. पांढरा धूर दिसला तर व्हॉल्व्ह लगेच बंद, आणि पुन्हा पंप-डाउन.