‘संसद गुंडाळली’ म्हणू नका: थोड्या दिवसांच्या भव्य कलेला मराठीत काय म्हणावं?

अनगोळकर
बेळगावातल्या वाचनालयाच्या आमच्या मंडळात पुढच्या महिन्यात बोलायची पाळी माझी आहे. विषय घेतलाय उघड्या, वर्दळीच्या जागी थोड्या दिवसांपुरत्या उभ्या केलेल्या भल्यामोठ्या कलाकृतींचा आणि त्यांच्या प्रभावाचा. सुरुवात ख्रिस्तो आणि जान-क्लोद या कलाकार जोडप्यापासून करणार. त्यांनी १९९५ साली बर्लिनमधली राइश्टाग ही संसदेची इमारत चंदेरी कापडात बांधली. २४ जून ते ७ जुलै एवढेच दिवस ती तशी होती आणि तेवढ्यात सुमारे ५० लाख माणसं बघून गेली. टिपण काढायला बसले आणि पहिल्याच ओळीत तीन शब्दांवर अडले: ‘इन्स्टॉलेशन’, ‘रॅप्ड’ आणि ‘टेम्पररी’. ‘इन्स्टॉलेशन’ला मांडणशिल्प हा शब्द माहीत आहे, मुंबई-पुण्याच्या लेखांत तो असतो. पण आमच्याकडे ऐकायला निम्मे निवृत्त मास्तर आणि निम्मी गल्लीतल्या मंडळाची पोरं. त्यांच्या डोळ्यांपुढं काहीतरी उभं राहील असा शब्द हवाय. इंग्रजी तसंच ठेवा असं कृपया कुणी सुचवू नये.

निपाणीकर
बाकी काहीही करा, ताई, पण ‘गुंडाळली’ लिहू नका. ‘बर्लिनची संसद गुंडाळली’ असं वाचलं तर आमच्या निपाणीत लोक म्हणतील, तिकडं हुकूमशाही आली वाटतं. आपण प्रकरण गुंडाळतो, कारखाना गुंडाळतो, वक्त्याला चिठ्ठी पाठवून भाषण गुंडाळायला लावतो, आणि एखाद्या भोळ्या माणसालाही गुंडाळतो. ‘पांघरूण घातलं’ तर त्याहून वाईट. ‘झाकली’ म्हटलं की झाकपाक आठवते. मराठीत कापडानं काही आच्छादायचे बहुतेक शब्द संशयी आहेत बघा, आत काहीतरी काळंबेरं असल्याशिवाय कुणी कशाला झाकेल, असा त्यांचा सूर.

जर्मनमध्ये त्या कामाला ‘फरह्युल्टर राइश्टाग’ म्हणतात. त्यात पुडकं बांधल्याचा भाव नाही, अंगावर वस्त्र ओढून घेतल्याचा आहे. म्हणून पंडिती चालत असेल तर ‘अवगुंठित’. चालत नसेल तर ‘खोळ’ विचारात घ्या. तंबोऱ्याला असते, गादीला असते. खोळ घातलेली वस्तू मौल्यवान असते आणि ती खोळ पुढं निघणार हेही ठरलेलं असतं.

शहापूरहून एक डेकोरेशनवाला
खोळ शिवलेली असते. हे तर दोरानं बांधलंय. दोर किती लागला होता ते सांगा आधी.

अनगोळकर
दोर १५.६ किलोमीटर, निळ्या रंगाचा. कापड १ लाख चौरस मीटरच्या वर, पॉलिप्रॉपिलीनचं, त्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा. निपाणीकर, तुमच्या मुद्द्यात आणखी एक गंमत आहे. या कामाला परवानगी द्यायची की नाही यावर खुद्द जर्मन संसदेत चर्चा होऊन मतदान झालं होतं, फेब्रुवारी १९९४ मध्ये, बॉनला, तेव्हा संसद तिथं भरायची. २९२ बाजूनं, २२३ विरुद्ध. कल्पना १९७१ ची. म्हणजे २४ वर्षं खटपट आणि १४ दिवस दर्शन.

शहापूरहून एक डेकोरेशनवाला
आमच्यात उलटं. चार दिवस खटपट, दहा दिवस गणपती.

शब्दाचं म्हणाल तर धंद्यात आम्ही असं बोलतो. नुसती जागा झाकली, बाजूला कनात आणि वर झालर, तर तो मांडव, नाहीतर पेंडॉल. रस्त्यावर आडवी उभी केली ती कमान. मूर्तीभोवती सजवलं ती आरास. आणि ज्यात काही गोष्ट सांगितलेली असते, म्हणजे अफझलखान, आग्र्याहून सुटका, अलीकडं पाणी वाचवा वगैरे, तो देखावा. तो हलता असतो किंवा सजीव असतो. सजीव म्हणजे माणसंच पोशाख करून उभी. बेळगावातल्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक ज्यानं बघितलीय त्याला हे वेगळं सांगायला नको. तुमच्या बर्लिनच्या इमारतीत गोष्ट नाही, मूर्ती नाही, आत कुणी बसायचंही नाही. मग ती यातलं काहीच नाही. सांगाडा मात्र आमच्यासारखाच असणार, त्याशिवाय कापड असं उभं पडत नाही.

टिळकवाडीतून
‘देखावा’ मीही बाद करेन. ‘नुसता देखावा’ हा वाक्प्रचार त्याच्या मानगुटीवर बसलाय. शिवाय चित्रकलेच्या परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाला देखावा म्हटलं की दोन डोंगर, मधून सूर्य आणि एक झोपडी एवढंच आठवतं.

कन्नडमध्ये ‘प्रतिष्ठापन कले’ असं म्हणतात. मला तो शब्द आवडतो, पण मराठीत आणता येत नाही. आपल्याकडं प्रतिष्ठापना म्हटलं की गुरुजी आले, मुहूर्त आला, प्राण फुंकणं आलं. (जाता जाता: कन्नडमध्ये ‘कले’ म्हणजे कला आणि ‘कले’ म्हणजे डागसुद्धा. सार्वजनिक भिंतीवर केलेल्या कामाबद्दल नगरपालिका आणि कलाकार यांच्यात जो वाद होतो, तो कन्नडनं एका शब्दात मिटवलाय.) आपल्या ‘चित्ररथा’ला कन्नड वर्तमानपत्रं ‘स्तब्धचित्र’ म्हणतात, तोही छानच. आपण रथ बघितला, त्यांनी त्यावर न हलता उभी असलेली माणसं बघितली.

खानापूरकर
थोडं सविस्तर लिहितो, कारण आतापर्यंत सगळे नाम शोधतायत आणि मला वाटतं खरा पेच क्रियापदाचा आहे.

मांडणशिल्प या शब्दावर दोन आक्षेप नेहमी येतात. एक, तो घडवलेला आहे, बोलण्यातला नाही. दुसरा, ‘शिल्प’ म्हटलं की दगड आला, किल्ल्यातलं ते जुनं जैन मंदिर, कमल बसदी आली, शेकडो वर्षं आली. दुसरा आक्षेप मला मान्य आहे. पण ‘मांडण’ हा अर्धा भाग सोन्यासारखा आहे. आपण काय काय मांडतो बघा. पाट मांडतो, डाव मांडतो, भातुकली मांडतो, पूजा मांडतो, दुकान मांडतो, संसारही मांडतो. यातलं काहीच कायमचं नाही. जे मांडलं ते आवरायचं असतं, हे मांडणाऱ्याला मांडतानाच माहीत असतं. घर आपण ‘बांधतो’, पुतळा ‘उभारतो’. त्या क्रियापदांत उतरवण्याची सोय नाही, म्हणून पुतळा काढायची वेळ आली की दंगल होते. इंग्रजीतल्या ‘इन्स्टॉल’मध्येही ती नाही. पंप इन्स्टॉल केला की तो बिघडेपर्यंत तिथंच. तेव्हा या कलेत जी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, म्हणजे ती जाणार आहे, ती आपल्या शब्दात आपोआप बसलीय.

आता आमच्याकडचं एक उदाहरण, कारण ताईंना ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं काहीतरी उभं करायचंय. बेळगाव-खानापूर भागात गावोगावी महालक्ष्मीची यात्रा असते, दरवर्षी नव्हे, काही गावांत कित्येक वर्षांनी एकदा. देवी गदगेवर बसते. गदगा हा कन्नड ‘गद्दुगे’, म्हणजे आसन, गादी. त्या दिवसांत सगळं गाव रंगवलेलं, पाहुण्यांनी भरलेलं, शिवारात रस्ते पाडलेले. यात्रा संपताना देवी सीमेकडं निघते आणि मातंगीची झोपडी जाळतात. ती जळताना कुणी हळहळत नाही, ती त्यासाठीच उभी केलेली असते. लंडनमधल्या एका मोकळ्या झालेल्या गल्लीत १९९३ साली रेचल व्हाइटरीड या शिल्पकर्तीनं एका जुन्या घराच्या आत काँक्रीट ओतून नंतर भिंती काढून टाकल्या. उरला तो आतल्या पोकळीचा ठसा. घरच साचा झालं आणि साचा फोडला. ११ जानेवारी १९९४ ला पालिकेनं ते काम पाडलं, तेव्हा मात्र तिकडं खूप हळहळ झाली, वाद झाले. ज्या दिवशी तिला टर्नर हा ब्रिटनमधला मानाचा कलापुरस्कार मिळाला, त्याच दिवशी पाडायचा निर्णय झाला होता. दोन्हीकडं वस्तू गेली. पण एका ठिकाणी जाणं मांडणीत होतं आणि दुसऱ्या ठिकाणी ते बाहेरून आलं. ख्रिस्तोचं काम या बाबतीत आमच्या यात्रेच्या जवळचं आहे, तारीख आधीच जाहीर असते.

म्हणून माझं मत: शीर्षकात ‘मांडणशिल्प’ खुशाल ठेवा, पण बोलताना ‘मांडलं’ आणि ‘उतरवलं’ ही जोडी वापरा. ‘१९९५ च्या जूनमध्ये मांडलं, जुलैत उतरवलं.’ मंडळाच्या पोरांना काही समजावून सांगावं लागणार नाही.

निपाणीकर
होय की. ‘चौदा दिवस संसदेभोवती कापड मांडलं होतं.’ चालतंय. गुंडाळण्यापेक्षा शंभरपट बरं.

टिळकवाडीतून
‘कापड मांडलं’ म्हटलं तर खडेबाजारातलं दुकान वाटतं. ‘कापड चढवलं’ म्हणा. देवाला वस्त्र चढवतात, गलेफ चढवतात, आणि चढवलेलं उतरवताच येतं.

अनगोळकर
‘चढवलं’ हे फार नेमकं सापडलं, आभार. आता ‘टेम्पररी’. तात्पुरतं म्हटलं की कुणी मनावरच घेत नाही. तात्पुरती डागडुजी, तात्पुरता मास्तर.

टिळकवाडीतून
तो शब्द मुळात वाईट नाही. तत् आणि पुरता, तेवढ्यापुरता. सरकारी वापरानं त्याची रया गेली. ‘हंगामी’चंही तेच, आपल्याकडं आणि कन्नडमध्येही तो मुख्यमंत्र्यांना चिकटलाय. कन्नड पाट्यांवर ‘तात्कालिक’ असतं, पण मराठीत तात्कालिक म्हणजे त्या वेळचं किंवा ताबडतोबीचं, म्हणजे कारण तात्कालिक असतं, मांडव नाही. ‘क्षणभंगुर’ लिहाल तर कीर्तन सुरू होईल. मी सरळ दिवस मोजून लिहीन. ‘चौदा दिवसांचं काम’ यात कमीपणा नाही, जसा दीड दिवसाच्या गणपतीत नाही.

अनगोळकर
दिवस मोजून लिहिणं बरोबर वाटतं, कारण आकडेच बोलके आहेत. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या त्यांच्याच ७,५०३ कमानी २००५ च्या फेब्रुवारीत १६ दिवस होत्या. इटलीतल्या इझिओ तलावावरची तरंगती वाट २०१६ मध्ये १६ दिवस, १२ लाख माणसं तिच्यावरून चालून गेली. आणि कोलोरॅडोतल्या दरीवर १९७२ साली लावलेला नारिंगी पडदा फक्त २८ तास टिकला. वारा सुटला आणि उतरवावा लागला.

शहापूरहून एक डेकोरेशनवाला
केवढा होता?

अनगोळकर
रुंदी सुमारे ३८० मीटर.

शहापूरहून एक डेकोरेशनवाला
दोन डोंगरांच्या मधे? तिथं वारा कोंडूनच येणार. आम्ही वीस फुटी फ्लेक्सलासुद्धा वाऱ्यासाठी चिरा देतो. २८ तास म्हणजे पुष्कळ टिकला म्हणायचा.

निपाणीकर
त्या सेंट्रल पार्कच्या कमानींचा रंग कोणता लिहिणार? फोटोत भगव्या दिसतात.

अनगोळकर
कलाकारांनी दिलेलं नाव केशराचं आहे. केशरीच लिहिणार. भगवा म्हटलं की इथं लगेच मिरवणूक निघते आणि न्यूयॉर्क मागं राहतं.

टिळकवाडीतून
फुलांच्या बाबतीतही सांभाळा. लंडनच्या ‘टॉवर’ या किल्ल्याच्या खंदकात २०१४ साली पहिल्या महायुद्धाच्या शताब्दीला ८,८८,२४६ चिनीमातीची लाल फुलं लावली होती, ब्रिटन आणि वसाहतींतल्या मृतांपैकी प्रत्येकामागं एक. कुणीतरी त्याला ‘अफूची फुलं’ लिहिलेलं वाचलं आणि अंगावर काटा आला. ती शेतात उगवणारी रानटी पॉपी, अफूची नव्हे. मराठा लाइट इन्फंट्रीच्या गावात हे चुकीचं ऐकायला नको. खंदक हा शब्द मात्र तसाच ठेवा, आपल्या किल्ल्याचा खंदक सगळ्यांनी बघितलाय.

वडगावची सून
मी बराच वेळ नुसतं वाचत होते. ‘उतरवलं’बद्दल एक विचारायचंय. मंडळाचं ठीक आहे, देखावा उतरवतात. पण घरात आपण असं थेट बोलत नाही ना? लग्नाचा मांडव मोडत नाही, मांडव परतणं म्हणतात. दुकान बंद करत नाही, वाढवतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटली तरी ‘वाढली’. सासूबाई दिवा विझव म्हणाल्या नाहीत कधी, निरोप दे म्हणायच्या. मग एवढं मोठं काम संपवताना ‘उतरवलं’ जरा कोरडं नाही का वाटत?

खानापूरकर
वहिनी, हे मला सुचायला हवं होतं असं वाटण्याइतकं चांगलं आहे. मात्र राइश्टाग ‘वाढवलं’ म्हटलं तर ऐकणारा मजले मोजायला लागेल. ‘परतणं’ बघू या. मांडव परततो तेव्हा घर पहिल्यासारखं होतं, पण तसंच राहत नाही, मुलगी गेलेली असते. राइश्टागचं तसंच झालं. कापड निघाल्यावर लगेच नॉर्मन फोस्टर या वास्तुविशारदाच्या आराखड्याप्रमाणं दुरुस्ती सुरू झाली, वर काचेचा घुमट आला आणि १९९९ मध्ये संसद तिथं राहायला आली. ताईंच्या विषयातला ‘प्रभाव’ हा भाग इथं येतो. कापडानं घुमट बांधला असं नव्हे, दुरुस्ती आधीच ठरली होती. पण जिच्याकडं युद्धाची आणि आगीची इमारत म्हणून बघत होते, तिच्या आवारात लोक गवतावर बसून डबे खाऊन आले. त्याला प्रभाव म्हणा की ‘सवय मोडली’ म्हणा.

अनगोळकर
‘सवय मोडली’ टिपून घेतलं.

शहापूरहून एक डेकोरेशनवाला
एवढ्या कापडाचं पुढं काय केलं? आमच्याकडं असतं तर पुढच्या सीझनला कनातीला आलं असतं.

अनगोळकर
विकलं नाही, कनातीला तर नाहीच. सगळा माल पुनर्वापराच्या कारखान्यात गेला, त्यांचा नियमच तसा. पैसाही कुणा कंपनीचा नाही. कामाआधी काढलेली चित्रं आणि आराखडे विकून खर्च भागवायचे. वर्गणी नाही, पावतीपुस्तक नाही, कमानीवर जाहिरात नाही.

शहापूरहून एक डेकोरेशनवाला
जाहिरात नाही? मग मांडववाल्याचे पैसे वेळेवर मिळाले असतील.