मदत हवी आहे : पालकांनी आधी कोणाकडे जावे?

नमस्कार. आमची मुलगी ९ वर्षांची आणि मुलगा ३ वर्षांचा असून आम्ही दोघेही नोकरी करतो. घरात वडीलधारे कोणी नाही, त्यामुळे संगोपनात अडचण आली की विचारायचे कोणाला, हा प्रश्न वारंवार पडतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराच्या १८ व्या कलमात, मूल वाढवण्याची प्राथमिक जबाबदारी आईवडिलांची असली तरी त्यांना योग्य ते साहाय्य शासनाने द्यावे, असे म्हटले आहे. ते वाचल्यापासून मदत मागण्यातला माझा संकोच बराच कमी झाला.

मुलासाठी वाचनालयातील गोष्टींचा तास सुरू केला आहे; तो त्यात रमला आहे. खरी काळजी मुलीची आहे. गेले काही महिने ती शाळेतून आल्यावर गप्प असते आणि सकाळी पोट दुखते म्हणते, परंतु डॉक्टरांना शारीरिक कारण आढळलेले नाही. शालेय समुपदेशक, बालमानसतज्ज्ञ आणि पालकांचा आधारगट यांपैकी आधी कोणाकडे जावे? तिला न विचारता शाळेत बोललो, तर तिचा आमच्यावरचा विश्वास तुटेल का, अशी भीतीही वाटते.

शिवाय शाळेनंतरच्या उपक्रमवर्गात तिला पाठवण्याचा विचार आहे. तेथील कार्यकर्त्यांची पार्श्वभूमी पडताळली जाते का आणि मूल एकाच प्रौढासोबत बंद खोलीत राहू नये असा नियम आहे का, हे मी विचारणारच आहे (प्रत्येक पालकाने ते विचारावे, असे माझे मत आहे). याखेरीज काय तपासावे, हे अनुभवी पालकांनी कृपया सांगावे.