फ्लोरिडा ट्रिप: हॉटेल डिस्नेचं की युनिव्हर्सलचं? गुरुवारपर्यंत सांगा

प्राची, बाणेर

मंडळी, एजंटचा परत फोन आला होता, गुरुवारी संध्याकाळपर्यंत ॲडव्हान्स भरला नाही तर हा रेट मिळणार नाही म्हणतोय. विमानाचं ठरलंय, मुंबईहूनच, तो विषय कृपया परत काढू नका. आता फक्त ऑरलँडोतलं हॉटेल. दोन्ही कोटेशनं शीटमध्ये टाकली आहेत. पार्क दोन्हीकडची करायची हे नक्की, पण मुक्काम एकाच ठिकाणी असावा असं मला वाटतं, कोकणच्या वेळी बॅगा हलवताना काय झालं ते सगळ्यांना माहितीये.

माझं मत डिस्ने. आपल्यात बालवाडीतली मुलं आहेत, कॉलेजातली आहेत, नंदूकाका-काकू आहेत. सगळ्यांना दिवसभर काहीतरी मिळेल असं तिथेच आहे. शिवाय डिस्नेत डबा आत नेता येतो, युनिव्हर्सलला नाही.

मिलिंद, औंध

> डिस्नेत डबा आत नेता येतो

डब्यावरून हॉटेल कसं काय ठरवायचं? डबा पार्कात नेऊ देतात की नाही याचा आपण झोपतो कुठे याच्याशी काही संबंध नाही. हॉटेलवरून ठरते ती रांग. युनिव्हर्सलच्या हॉटेलांपैकी तीन बघा, पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक. तिथे खोली घेतली की खोलीवर नाव असलेल्यांना एक्सप्रेस पास, म्हणजे वेगळ्या छोट्या रांगेतून जायचा पास, त्यातच मिळतो आणि तोही अनलिमिटेड, म्हणजे एकाच राइडला परत परत गेलं तरी चालतं. चेक-इनच्या दिवशी चालतो, चेक-आउटच्या दिवशीही चालतो, म्हणजे एक रात्र राहिलं तरी दोन दिवस मोठ्या रांगेत उभं राहायला नको. डिस्नेत पूर्वी फास्टपासला पैसे पडायचे नाहीत, 2021 पासून मोजावे लागतात, आता त्याला लायटनिंग लेन म्हणतात, माणशी आणि रोजचे वेगळे. त्यांच्या हॉटेलात राहून मिळतं काय, तर सकाळी अर्धा तास आधी प्रवेश, आणि लायटनिंग लेनचं बुकिंग मुक्कामाच्या सात दिवस आधी करता येतं, बाहेर राहणाऱ्यांना तीन दिवस आधी. पण पैसे द्यायचेच. एवढ्या लांब जाऊन, एवढा खर्च करून आपण दिवसातले तास रांगेत घालवायचे हे मला पटत नाही.

सुधाकाकू, कोथरूड

मिलिंद, डब्याचा संबंध आहे. आमच्या ह्यांची शुगरची गोळी वेळेवर असते आणि गोळीनंतर पोटात काय जातंय ते मला बघावं लागतं. तिथे दुपारी रांगेत उभं राहून शेवटी बटाट्याचे तळलेले काप आणि चीज पिझ्झा, शाकाहारी माणसाची यावर बोळवण होते, आणि तेही हॉटेलच्या जेवणाच्या भावाने.

नियम मी मुलीकडून नीट विचारून घेतलेत. डिस्नेत घरचं खाणं नेता येतं, फक्त काचेची बरणी नको, दारू नको आणि गरम करावं लागेल असं काही नको. युनिव्हर्सलला पाण्याची बाटली आणि छोटा खाऊ चालतो, लहान बाळाचं खाणं चालतं, डॉक्टरी पथ्याचं चालतं, पण जेवणाचा डबा आणि कूलर चालत नाही. म्हणजे ह्यांचं पथ्याचं मी नेऊ शकेन, पण बाकीच्यांचं काय? दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणीची कोरडी चटणी, यातलं काहीच गरम करावं लागत नाही आणि सगळ्यांची दुपार होते. मी तर म्हणते हॉटेलच नको, ऑरलँडोजवळ किसिमी गाव आहे, तिथे स्वयंपाकघर असलेली घरं भाड्याने मिळतात ते बघा.

केदार, पिंपळे सौदागर

किसिमीच्या घराला माझं अनुमोदन. आमच्या जुन्या मंडळातल्या निम्म्या लोकांनी तेच केलंय, मोठं घर, बाहेर छोटा पूल, सगळे एकत्र, रात्री गप्पा होतात. हॉटेलात आपापल्या खोलीत दार लावून बसायचं तर ग्रुपने जायचं कशाला.

बाकी ऑरलँडोच का हा माझा मूळ प्रश्न अजून तसाच आहे. टोकियोला दोन पार्क शेजारी शेजारी आहेत, 1983 चं डिस्नेलँड आणि 2001 चं डिस्नेसी, आणि ती चालवते जपानी कंपनी, ओरिएंटल लँड, डिस्ने स्वतः नाही, त्यामुळे जुनी राइड असली तरी निगा बघण्यासारखी असते. प्रवासही निम्मा.

शिरीष, कर्वेनगर

केदार, टोकियोचा विषय एप्रिलच्या मीटिंगला झाला आणि मतदानाने संपला. तू नव्हतास, पण मिनिट्स सगळ्यांना पाठवली होती.

किसिमीबद्दल. घर घेतलं की गाड्या आल्या, कारण तिथून पार्कात बसने जायचं म्हणजे दिवस तिकडेच जाईल. गाड्या कोण चालवणार? आपल्यातल्या बहुतेकांची अमेरिकन लायसन्सं संपलीत आणि रात्री आतषबाजी बघून दमलेल्या माणसाने अनोळखी हायवेवर व्हॅन चालवावी याला ट्रिपचा खजिनदार म्हणून माझा विरोध आहे. शिवाय पार्किंग दोन्ही पार्कांना रोज भरायचं. डिस्नेच्या हॉटेलात राहिलं तर हॉटेलचं आणि पार्कांचं साधं पार्किंग त्यातच असतं, युनिव्हर्सलच्या हॉटेलात मात्र गाडी उभी करायचे रोजचे पैसे लागतात. शीटमध्ये हा कॉलम कोणी काढला? कृपया शीटमधले कॉलम मला विचारून बदला.

आणि एजंटच्या बिलात टीसीएस, म्हणजे परदेशी टूरवर आगाऊ घेतला जाणारा कर, दिसतोय तो खर्च धरू नका, रिटर्न भरताना वळता करून घेता येतो. पण आत्ता खिशातून जाणारच आहे, तेवढी तयारी ठेवा.

नंदूकाका, सदाशिव पेठ

मला टाइप करायला वेळ लागतो तेव्हा एकदाच लिहितो. सगळे राइड आणि जेवण याच्यावर बोलताहेत, चालण्यावर कोणी बोलत नाही. धाकट्याकडे गेलो होतो तेव्हा एका पार्कात दुपारपर्यंत माझा गुडघा टम्म सुजला, आणि गेटपर्यंत परत यायचं तर तेही चालूनच. डिस्नेचा सगळा पसारा सुमारे 100 चौरस किलोमीटरचा आहे. चार पार्क चार टोकांना. बस, मोनोरेल, बोट, आता 2019 पासून ती वरून जाणारी स्कायलाइनर, सगळं आहे, पण प्रत्येक ठिकाणी थांबा, चढा, उतरा. युनिव्हर्सलचे जुने दोन पार्क लागून आहेत आणि मिलिंदने लिहिलेल्या हॉटेलांतून बोटीने किंवा पायी जाता येतं. दुपारी खोलीवर येऊन आडवं व्हायचं आणि संध्याकाळी परत जायचं हे आमच्या वयाला तिथेच जमेल. दुपारची झोप ही माझी मागणी आहे आणि ती हॉटेल ठरवताना विचारात घ्यावी.

अनघा, वारजे

काका, हॉटेल जवळ असेल, पण आत तुम्ही आणि माझी मुलं करणार काय? उंचीचे नियम बघा. युनिव्हर्सलच्या मोठ्या राइडपैकी वेलोसिकोस्टरला 51 इंच लागतात, हल्कला 54, हॅग्रिडच्या मोटरसायकलला 48. माझी धाकटी यातल्या कशालाच बसू शकणार नाही. आणि जिथे उंची चालते तिथे बरंच काही पडद्यावरचं, थ्रीडी चष्मा लावून खुर्ची हलणारं, त्यात मला स्वतःला मळमळतं. डिस्नेत स्पेस माउंटन आणि एव्हरेस्ट या राइडना 44 इंच लागतात तो भाग सोडला तर मॅजिक किंगडममध्ये मांडीवर मूल घेऊन बसता येईल अशा राइड भरपूर आहेत, ॲनिमल किंगडमच्या सफारीला उंचीची अटच नाही, तिथे आजी आणि नात एका गाडीत बसतात. त्याच पार्कात आनंदपूर म्हणून एक काल्पनिक गाव उभं केलंय, भिंतींवर रंग उडालेल्या पाट्या, पडके वाडे आणि त्यातून वाघ बघत जायचं. तुम्हाला तिथे सावलीत बसायला आवडेल काका, खरंच. एपकॉटला तर तळ्याभोवती अकरा देश आहेत, एकही राइड न घेता संध्याकाळ जाते. व्हीलचेअर गेटवर भाड्याने मिळते, घ्यायला संकोच करू नका.

पैसा वसूल म्हणजे फक्त किती राइड झाल्या ते नाही. सगळ्यांनी मिळून किती पाहिलं तेही धरा.

मिलिंद, औंध

अनघा, दोन्हीकडे पालकांना आलटून पालटून बसायची सोय आहे, एकजण मुलाजवळ थांबतो, दुसरा जाऊन येतो, परत रांग लावावी लागत नाही. त्यामुळे तुमचं दोघांचं काही बुडणार नाही. आणि आपल्या ग्रुपमध्ये दहावीच्या पुढची मुलं जास्त आहेत, ती केवळ युनिव्हर्सलसाठी येताहेत, हॅरी पॉटरवर वाढलेली पोरं आहेत. त्यांना आपण पहिल्या दिवशी छोट्यांच्या झोपाळ्यात बसवणार का?

हॉगवॉर्ट्स एक्सप्रेस ही आगगाडी एका पार्कातून दुसऱ्या पार्कात जाते, त्यासाठी दोन्ही पार्कांचं एकत्र तिकीट लागतं, एजंटच्या कोटेशनमध्ये एका दिवसाला एकच पार्क धरलंय. प्राची, हे आजच त्याला सांग, नाहीतर मुलं स्टेशनावरून परत येतील.

प्राची, बाणेर

सांगते. पण मिलिंद, एक गोष्ट तू लिहिली नाहीस. एपिक युनिव्हर्स, मे 2025 ला उघडलेलं नवं पार्क, मुलं ज्याच्या मागे लागलीत, तिथे हॉटेलबरोबर येणारा तो एक्सप्रेस पास चालत नाही. ते जुन्या दोन पार्कांच्या शेजारीही नाही, काही किलोमीटर लांब आहे, बसने जावं लागतं. म्हणजे काकांचा चालत जायचा मुद्दा तिथे लागू नाही आणि तुझा रांगेचाही नाही. या दोन्ही गोष्टी फक्त जुन्या दोन पार्कांपुरत्या आहेत, आणि ती दोन, पास हातात असेल तर, दोन दिवसांत व्यवस्थित होतात.

आणखी एक, मॅजिक किंगडमला ऑगस्टपासून हॅलोविनच्या आणि मग नाताळच्या वेगळ्या तिकिटाच्या पार्ट्या असतात, त्या संध्याकाळी साधं तिकीट असलेल्यांना सहाच्या सुमाराला बाहेर काढतात, आतषबाजी हुकते. त्या दिवशी दुपारी गर्दी कमी असते हे खरं, पण मुलांना आतषबाजी हवीये. युनिव्हर्सलच्या जुन्या पार्कातही हॅलोविनच्या भुताच्या रात्रींना तेच होतं, साधं पार्क लवकर बंद. तेव्हा कॅलेंडर बघून दिवस लावावे लागतील, ते मी आणि अनघा करतो.

तर मी माझं मत बदलून असं सुचवते. पहिली एक रात्र रॉयल पॅसिफिकला, त्यात दोन दिवस जुनी दोन पार्कं पासवर, मोठ्या मुलांचं पोटभर होईल, काकांची दुपारची झोप होईल. मग बॅगा घेऊन डिस्नेच्या हॉटेलात, बाकी सगळा मुक्काम तिथे. एपिक मधल्या एका दिवशी, ज्यांना जायचंय तेच टॅक्सीने. बॅगा एकदाच हलतील, आणि कोकणसारखं होऊ नये म्हणून प्रत्येक कुटुंबाला दोनच मोठ्या बॅगा.

शिरीष, कर्वेनगर

हे हिशेबात बसतंय. पण त्या एका रात्रीचा रेट इतर रात्रींच्या मानाने बराच जास्त आहे, आणि ज्या कुटुंबांना राइड घ्यायच्याच नाहीत त्यांनी त्याचा भार का उचलावा हा प्रश्न येणार, तो आत्ताच सोडवू. माझ्या मते पासचा फायदा ज्यांना आहे त्यांनी फरक भरावा, सुधाकाकूंनी आणि नंदूकाकांनी नाही. तीन वर्षांखालच्यांना दोन्हीकडे तिकीट लागत नाही, तीन ते नऊ मुलांचं, दहापासून मोठ्यांचं, तेव्हा पासपोर्टवरच्या तारखा शीटमध्ये भरा. वय प्रवासाच्या दिवशीचं धरतात, आजचं नाही.

केदार, पिंपळे सौदागर

फरक फक्त राइडवाल्यांनी भरायचा असेल तर मी विरोध नोंदवतो. गणपतीच्या जेवणाला आपण कोण किती खातो ते मोजतो का? ग्रुप ट्रिप म्हणजे समान वाटणी, आजवर तसंच झालंय. बाकी प्राचीच्या प्लॅनला हो.

नंदूकाका, सदाशिव पेठ

आमच्या वाट्याचं आम्ही देऊ, त्यावरून वाद नको. प्राचीचं मान्य. खोली लिफ्टजवळची मिळावी असं एजंटकडून लेखी घ्या.

सुधाकाकू, कोथरूड

डिस्नेच्या दिवसांना डबा माझ्याकडे, युनिव्हर्सलच्या दोन दिवसांना आपापलं बघा. डिस्नेच्या मुक्कामात एक संध्याकाळ ॲनिमल किंगडम लॉजमधल्या सना नावाच्या ठिकाणी जाऊ, तिथे नान, कुल्चा असं सगळं वेगवेगळ्या चटण्यांबरोबर मिळतं आणि बाहेर जिराफ चरत असतात, मुलीने टेबल आधीच बुक करायला सांगितलंय. अनघा, तू दशम्या करायला माझ्या मदतीला ये, निघायच्या आदल्या दिवशी दुपारी. प्राची, एजंटला विचार की डिस्नेच्या खोलीत फ्रिज आहे का आणि तो केवढा आहे, चटण्यांचं त्यावर ठरेल.