लेजंड म्हणजे दंतकथा की दिग्गज?

हयातीतच थोर ठरलेल्या माणसाला इंग्रजीत 'लिव्हिंग लेजंड' म्हणतात. त्याला मराठीत काय म्हणावं, यावर कुणीतरी 'जिवंत दंतकथा' सुचवलंय, ते काही मला पटत नाही. दंतकथा म्हणजे तोंडोतोंडी आलेली, खऱ्याखोट्याचा भरवसा नसलेली गोष्ट. सचिनची १०० आंतरराष्ट्रीय शतकं धावफलकावर आहेत की!

गंमत अशी, की मूळ लॅटिन 'लेजेंडा'चा अर्थ 'वाचायच्या गोष्टी'. मध्ययुगीन युरोपात संतांच्या सणाला त्यांची चरित्रं वाचत, ती लेजेंडा. त्यात चमत्कारांचा इतका भरणा, की पुढे शब्दालाच 'भाकडकथे'ची छटा आली. माणसाला लेजंड म्हणणं त्यानंतरचं. नकाशाच्या कोपऱ्यात निळी रेघ म्हणजे नदी, असं सांगणारी चौकट असते ना, तीही लेजंडच. तिथे 'वाचायचं' अजून शाबूत आहे.

मला 'दिग्गज' आवडतो. आठ दिशा तोलून धरणारे ऐरावत, पुंडरीक, वामन वगैरे हत्ती. पण बातम्यांनी तो पार पातळ केला. निवडणुकीत पडलेला प्रत्येक जण दिग्गज! अहो, आठच होते ते.

गाण्याबजावण्यात 'बुजुर्ग' चालतो, पण त्यात वय आलं. पंचविशीतल्या फलंदाजाला बुजुर्ग म्हणालात तर बॅट घेऊन मागे लागेल.