पुलाची थरथर विजेच्या कामी येईल का?

खाडीकाठ (चर्चेचा प्रस्ताव): २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरील जुना दगडी पूल पुरात कोसळला, तेव्हापासून कोकणातील प्रत्येक पुलावर संवेदक असावेत असे मला वाटते. अडचण असते ती त्यांना अखंड वीज पुरवण्याची, कारण पावसाळ्यात सौर पाट्या आळसावतात आणि बोगद्यांत तर ऊन पोहोचतच नाही. पिएर व जाक क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिले की क्वार्ट्झसारख्या स्फटिकांवर दाब दिला असता त्यांवर विद्युतभार निर्माण होतो. त्याच तत्त्वावरील पीझो पट्टी एका टोकाला पक्की करून पुलावर बसवली, तर गाडीच्या धडधडीतूनच संवेदकाची गरज भागू शकेल. गावाचे दिवे यावर लागतील असा माझा दावा मुळीच नाही.

निवृत्त वीजतंत्री: शेवटचे वाक्य लिहिलेत हे बरे केलेत, तरी हिशेब मांडतो. रोज ४० गाड्या, प्रत्येकीची ३० सेकंदांची थरथर आणि तेवढ्या वेळात ५ मिलिवॅट, असे उदारपणे धरले तरी दिवसाला ६ ज्यूल, म्हणजे सरासरी जेमतेम ७० मायक्रोवॅट मिळतात. बोटाएवढ्या लिथियम थायोनिल क्लोराइड सेलमध्ये सुमारे ३१ हजार ज्यूल साठलेले असतात. स्वतःहून होणारी गळती सोडली, तर तेवढ्याच मागणीला तो दहा वर्षांहून अधिक काळ पुरेल. मग एवढा खटाटोप कशासाठी?

खाडीकाठ: हिशेब मान्य आहे, परंतु तुमच्या सेलची किंमत धरताना तो बदलण्याची मजुरी विसरू नका. रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा रेल्वेपूल साठ मीटरांहून उंच आहे. तिथे खांबाच्या माथ्यावरचा एक सेल बदलायचा म्हणजे माणसे, दोर आणि वाहतुकीतील सवड, हे सारे आले.

दर्यावर्दी: खाऱ्या हवेचा उल्लेख कुणीच कसा केला नाही? आमच्या बंदरात होडीच्या इंजिनावरचे तांब्याचे जोड दोन पावसाळ्यांत हिरवे पडतात. शिवाय प्रचलित पीझो सिरॅमिकमध्ये वजनाने निम्म्याहून अधिक शिसे असते. तुटलेली पट्टी खाडीत पडणार नाही याची हमी कोण देणार?

निवृत्त वीजतंत्री: त्याहून मूलभूत आक्षेप असा की, पूर चढला की वाहतूक थांबवतात, म्हणजे संवेदक जागा असणे सर्वांत आवश्यक असते त्याच वेळी त्याचा मुख्य पुरवठा आटतो. शिवाय पट्टी विशिष्ट कंपनसंख्येला जुळवलेली असते. कंपने जराशी बदलली की उत्पन्न झपाट्याने घसरते.

खाडीकाठ: पुराचा आक्षेप मी निरुत्तर होऊन स्वीकारतो, पुलावर सेल ठेवावाच लागेल. घसरणीकडे मात्र मी उलट्या बाजूने पाहतो. खांबाखालची माती खरवडली गेली की पुलाची स्वाभाविक कंपनसंख्या बदलते, आणि जुळवलेल्या पट्टीचे उत्पन्न घटले तर ती घटच इशारा ठरू शकते. तेव्हा पट्टी विजेसाठी नव्हे, तर खबरीसाठी लावू.

दर्यावर्दी: आणि घट खांबामुळे झाली की खाऱ्या गंजामुळे, हे कसे ओळखणार?

खाडीकाठ: तशीच दुसरी पट्टी शेजारच्या, खडकावर उभ्या असलेल्या खांबावर लावून. गंज दोन्हींना सारखाच चढेल.